बंगईवरचा सबवूफर

सबवूफर बंगईवर बसला होता आणि मी फरशीवर रांगत होतो.

बंगई म्हणजे आमच्याकडचा घरातला लाकडी झोपाळा. रावेरच्या नानांची बंगई सागवानी, पितळी कड्यांची. नानांशिवाय तिच्यावर कोणी बसायचं नाही, असा घरचा दंडक. तिच्या गादीवर एक काळा डबा विराजमान झालेला पाहून नानांच्या आई, अक्का, स्वयंपाकघराच्या दारात थबकल्या.

"याले काय झालं रे?" त्यांनी विचारलं. बोट डब्याकडे नव्हतं, माझ्याकडे होतं.

"इंजिनियर आहे, अक्का. काम चाललंय त्याचं," नाना म्हणाले.

"मंग उभं राहून कर म्हना."

तेव्हा जळगावात माझं साउंडचं दुकान होतं. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. नाना केळीचे व्यापारी. नवा बंगला बांधला, त्यात गाणी ऐकायला खास खोली. दोन चांगले स्पीकर होते, नाना सुखी होते. पण धुळ्याच्या आबांनी, म्हणजे त्यांच्या व्याह्यांनी, एका लग्नाच्या पंगतीत मोठ्याने विचारलं, "नाना, तुमच्या गाण्यात ढोल वाजतो की नुसती टिचकी?" तेच आबा आता रविवारी मुक्कामाला येणार होते. ढोलाने आबांची छाती हादरली पाहिजे, एवढीच नानांची तांत्रिक अपेक्षा. नाही हादरली तर डबा परत. शिवाय मी कसला माल विकतो, ही बातमी केळीच्या प्रत्येक ट्रकबरोबर गावोगाव जाईल, हेही त्यांनी चहा पाजत प्रेमाने सांगितलं.

सबवूफर म्हणजे फक्त खालचा, जाड आवाज काढणारा स्पीकर. ढोलाचा घुम त्याचा, बासरी त्याची नव्हे. नानांना पंधरा इंची हवे होते, तेही दोन. "ट्रॅक्टरचं मागचं चाक मोठंच असतं ना?" हा त्यांचा या विषयातला अभ्यास. खोली तेवढी मोठी नव्हती. बरीच हुज्जत घालून बारा इंची एकावर आणलं. सबवूफरच्या मागे क्रॉसओव्हरचं बटण असतं. कुठपासून खालचा आवाज या डब्याने सांभाळायचा, ते त्यावर ठरतं. मी ते स्पीकरांशी जुळवून दिलं. मी फाटक ओलांडायच्या आत नानांनी ते शेवटपर्यंत फिरवलं. फिरतंय म्हटल्यावर फिरवायला नको? गायक विहिरीत उतरून गाऊ लागला. मी परत येऊन त्याला वर काढला.

जागा मात्र मला विचारून ठरली नाही. वास्तुशास्त्रवाले पंडितजी म्हणाले, "जड वस्तू नैर्ऋत्येला." मला त्यांनी वजन तेवढं विचारलं. डबा कोपऱ्यात गेला.

मग नानांचा फोन. "तुझा आवाज येतो आणि जातो."

मी वायर बदलली. अॅम्प्लिफायर बदलला. कोपऱ्याशी उभा राहून ऐकलं, तर झकास घुमत होतं. नाना बंगईवरून म्हणाले, "गेला."

"आहे की, नाना."

"आला."

"तो होताच."

"परत गेला. इंजिनियर, कान धुऊन आला नाहीस का?"

शेवटी वैतागून त्यांनी बंगई सोडली. "बस इथे," म्हणाले आणि मला दणदणीत झोका दिला. झोका टोकाला गेला की ढोल हजर. मधोमध आला की ढोल गायब.

बिघाड डब्यात नव्हता. खालच्या आवाजाच्या लाटा लांबलचक असतात. त्या भिंतींवर आपटून परत येतात. खोलीत काही जागी एकमेकींना फुगवतात, काही जागी गिळून टाकतात. कोपऱ्यातल्या डब्याचा आवाज बरोबर खोलीच्या मध्यावर गिळला जात होता. आणि गवंड्याने इमानदारीने फूटपट्टी लावून बंगईचे हूक स्लॅबच्या अगदी मध्यावर ओतले होते.

"बंगई चार हात सरकवू," मी म्हटलं.

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सातपुडा सरकवायला सांगितला. "मी बसतो तिथे गाणं आलं पाहिजे. गाण्यामागे मी नाही जाणार."

मग राहिला एकच उपाय. डबा ऐकणाऱ्याच्या जागी ठेवायचा, आणि जिथे जिथे डबा ठेवता येईल तिथे तिथे आपण रांगत जाऊन ऐकायचं. जिथे ढोल भरदार, ती डब्याची जागा. म्हणून ते रांगणं.

जागा सापडली. लांब भिंतीच्या मध्यावर. तिथे अक्कांची गव्हाची पत्र्याची कोठी उभी होती.

"माही कोठी हालनार नही," अक्का म्हणाल्या. "अन् नानाच्या पंडितानं जड वस्तू कोपऱ्यात सांगली ना? आता हा डबा काढला तर कोपऱ्यात काय, तू बसशीन?"

मी म्हटलं, "अक्का, या डब्यापेक्षा कोठी जड आहे."

त्यांनी डबा पाहिला, कोठी पाहिली. सगळ्यांत जड वस्तू आपली, हा मुद्दा त्यांना पटला. "मंग गहू तूच काढ, तूच भर." पोतीच्या पोती मी काढली, भरली. कोठी नैर्ऋत्येला, डबा भिंतीला. वास्तुशास्त्र आणि ध्वनिशास्त्र एका दुपारीत सुखाने नांदू लागली. झोका कुठेही असो, ढोल जागच्या जागी.

रविवारी आबा आले. आणि नानांच्या तेव्हा लक्षात आलं की व्याह्याला मानाची जागा द्यावी लागते. आबा बंगईवर, नाना प्लास्टिकच्या खुर्चीवर, मी दारात. नानांनी कॅसेट लावली. ढोल सुरू झाला, तशी आबांच्या हातातली कडी थरथरली, फळी थरथरली. आबांनी चहाची बशी खाली ठेवली.

"कानमा नही, नाना," ते हळूच म्हणाले. "बठ्ठा आंगमा ऊना." ढोल कानात नव्हे, सगळा अंगात आला होता.

नानांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. डबा राहिला, माझी अब्रूही राहिली. आता धुळ्याची ऑर्डर, म्हणून मी खिशातलं कार्ड काढून हातात घेतलं.

आबांनी बंगईच्या फळीवरून हात फिरवला. "लाकूड कोनतं शे हाई?"

"सागवान," नाना म्हणाले.

"आनि सुतार?"

महिन्याभरात धुळ्याला आबांच्या दिवाणखान्यात सागवानी बंगई लागली, पितळी कड्यांची. रावेरच्या सुताराचं चांगलं बस्तान बसलं. मला आबांचा फोन आला तो एवढंच विचारायला, की बंगई लावली तरी ढोल का येत नाही.

तेव्हापासून मी एक शिकलो. सबवूफर विकण्याआधी गिऱ्हाईक कुठे बसतं ते बघावं. आणि जमलं तर ते ज्यावर बसतं, तेही आपणच विकावं.