पणजोबांचा पाठमोरा पंथ

आमच्या घरी पितृपक्षातल्या श्राद्धात पणजोबांचे नाव घेत नसत. ते गाळून त्यांच्या वडिलांचे घेतले जाई. कुहीकडच्या एका खेड्यात जाऊन ते पाठमोऱ्या पंथात मिसळले, एवढेच आम्हाला ठाऊक होते. त्या पंथाचे लोक देवाकडे पाठ करून आरती करतात. आमच्याकडे देवळातून निघतानाही पाठ न दाखवता मागे मागे सरकत येण्याचा शिरस्ता. मग ही गोष्ट पाखंडाहून वेगळी कशी वाटावी?

एकोणीसशे सत्तरच्या सुमारास वडील निवर्तले आणि श्राद्धाचा अधिकार माझ्याकडे आला. तेव्हा मी नागपुरात एका पाठशाळेत संस्कृत शिकवीत होतो. ती गाळलेली जागा मला टोचू लागली. शास्त्र सोडून काही करण्याची माझी इच्छा नव्हती. परंतु ज्यांना आपण धर्मभ्रष्ट म्हणतो ते खरोखर भ्रष्ट झाले होते का, हे कोणी पाहून आले नव्हते.

थोरले काका म्हणाले, “जा, पाहून ये. पण ज्याने देवाला पाठ दाखवली, त्याला या घरात पिंड मिळायचा नाही.”

एसटीने कुहीला उतरून, धानाच्या शेतांमधून चालत मी त्या गावी पोचलो, तेव्हा आरती चालू होती. कौलारू देऊळ, आत काळ्या पाषाणाची लहानशी विष्णुमूर्ती. मी सवयीने मूर्तीकडे तोंड करून हात जोडले, आणि पाहतो तो सारी मंडळी माझ्याकडेच तोंड करून उभी!

घंटा वाजवणारी म्हातारी हसली. “काहून जी गुरुजी, आमचंच दर्शन घेऊन राहिले का तुमी?”

“बाजूले सरका न जी, रस्ता दिसू द्या,” तिच्या मागून कोणी म्हणाले.

मी ओशाळून त्यांच्यात जाऊन उभा राहिलो. दारातून धुळीची वाट दिसत होती. आरती संपतासंपता सायकलवर बांगड्यांची पेटी लादलेला एक कासार त्या वाटेने आला. त्याला हाक मारून बसवले, आणि नैवेद्याचे पहिले पान त्याच्यापुढे वाढले. पुजाऱ्याचे त्यानंतर.

“देवाले किती पायसान?” म्हातारी मला म्हणाली. “तो जिकडं पायते, तिकडं पाहा.”

मग तिने आपल्या सासऱ्याकडून ऐकलेले सांगितले. एका दुष्काळात, आरती चालू असताना, एक वाटसरू देवळाच्या पायरीवर भुकेने मेला. सगळ्यांची तोंडे मूर्तीकडे. कोणाला कळलेच नाही. आरती म्हणत होते ते नागपूरहून आलेले एक वैदिक. दुसऱ्या दिवसापासून ते मूर्तीकडे पाठ करून, वाटेकडे पाहत उभे राहू लागले. हळूहळू गावही त्यांच्यासारखा उभा राहू लागला.

तिने त्या वैदिकांचे नाव घेतले. ते माझ्या पणजोबांचे होते. ते त्या पंथात मिसळले नव्हते. पंथ त्यांनीच काढला होता. माझी मान आपोआप ताठ झाली, हे लपवीत नाही.

घरी येऊन काकांना सगळे सांगितले. त्यांनी एकच विचारले, “संध्या, पूजा?”

“शेवटपर्यंत सोडली नव्हती, असे ती म्हातारी म्हणाली.”

सर्वपित्री अमावास्येला काका माझ्या शेजारी येऊन बसले. ती जागा आली तेव्हा मी नाव घेतले, पण त्यांच्या धाकाने ओठातल्या ओठात.

काकांनी माझ्या बोटातले दर्भाचे पवित्रक नीट केले. म्हणाले, “पुटपुटतोस काय? पुन्हा म्हण. ओसरीपर्यंत ऐकू जाऊ दे.”

मी गोत्रासह, खणखणीत म्हटले.