तिच्या कंपायलरला काय येत नाही

इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला वर्तकनगरच्या आमच्या घरी कॉम्प्युटर आला. नव्वदीच्या सुरुवातीला ही मिरवायची गोष्ट होती आणि मी ती यथेच्छ मिरवली. माझी मैत्रीण कळव्याच्या कोळ्यांच्या घरातली. ती जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर पेन्सिलीने प्रोग्राम लिहायची आणि कॉलेजच्या लॅबमध्ये आठवड्याला दोन तास मिळत, त्यात टाइप करायची. तेवढ्यावर तिने कंपायलर लिहिला.

म्हणजे 'सी' भाषेतला प्रोग्राम मशीनला कळेल असा उतरवून देणारा प्रोग्राम. अख्ख्या 'सी'साठी नाही, त्या भाषेच्या एका छोट्याशा भागापुरता. माझा प्रोजेक्ट वाचनालयाचा होता. निळी स्क्रीन, पिवळ्या चौकटी, पुस्तक द्या, पुस्तक परत घ्या. वर्गात असे आणखी चार होते. तिने लॅबमध्ये पाचाचं फॅक्टोरियल, म्हणजे एक ते पाचचा गुणाकार, करणारा प्रोग्राम स्वतःच्या कंपायलरमधून काढून चालवला, स्क्रीनवर १२० उमटलं, आणि मी जळले. पहिल्या आलेल्या प्रोजेक्टवाल्याचं नाव आमचे सर अंधेरीच्या एका कंपनीत नोकरीसाठी पाठवणार होते. एकच नाव. ते माझं असावं म्हणून आईने देव पाण्यात ठेवले होते.

तिचं इंग्रजी कच्चं होतं. रिपोर्ट तू लिहून देशील का, असं तिने विचारलं, आणि मी लगेच हो म्हटलं. मैत्रीखातर नव्हे.

कंपायलरला भाषेतलं काय काय येतं, याचं एक प्रकरण होतं. ते मी चार ओळींत उरकलं: पूर्णांक, अक्षरं, इफ-एल्स, तेच काम पुन्हापुन्हा करवणारं व्हाइल, साधे अ‍ॅरे, स्वतःलाच बोलावणारी फंक्शन्स. मग काय येत नाही ते लिहायला बसले. दशांश येत नाहीत. स्ट्रक्चर येत नाही. फॉर नाही, स्विच नाही. 'सी'चं पुस्तक शेजारी उघडून, तिची फ्लॉपी घालून, एकेक गोष्ट करून पाहिली. अख्खा रविवार गेला आणि चांगली दोन पानं भरली. एवढी मेहनत मी माझ्या प्रोजेक्टवर कधी घेतली नव्हती.

तिने ती पानं वाचली तेव्हा मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

"बरोबर आहे गं," ती म्हणाली. "आणि पहिली चूक सापडली की तो तिथेच थांबतो, पुढच्या चुका सांगत नाही. ते पण टाक ना."

तेही टाकलं. काळ्या पुठ्ठ्याचं, सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग झालं.

तोंडी परीक्षेला डोंबिवलीचे एक वयस्क परीक्षक आले होते. बाकीच्यांनी मागच्या बाकांवर बसून आपल्या पाळीची वाट बघायची. तिचा रिपोर्ट चाळताना ते माझ्या दोन पानांशी थांबले. सावकाश वाचली. हे कोणी लिहिलं, विचारलं. तिने वळून माझ्याकडे बोट केलं आणि हिनेच सगळं तपासून लिहिलंय, असं सांगितलं. मग फॉर का नाही, असं त्यांनी विचारलं. व्हाइल आहे ना सर, फॉरचं काम त्यात भागतं, ती म्हणाली. ते हसले.

मग माझी पाळी.

"मैत्रिणीच्या कंपायलरला काय येत नाही, ते तुम्ही फार छान लिहिलं आहे," ते म्हणाले. "तुमच्या सॉफ्टवेअरला काय येत नाही?"

"सगळं येतं, सर."

त्यांनी मला एकाच पुस्तकाच्या दोन प्रती नोंदवायला सांगितल्या. मग एक प्रत एका सभासदाला द्यायला सांगितली. दिली. आता दुसरी प्रत दुसऱ्याला द्या, म्हणाले. स्क्रीनवर पिवळ्या चौकटीत आलं की पुस्तक उपलब्ध नाही. मी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच.

अंधेरीला तिचं नाव गेलं. पण ते मला नंतर कळलं. त्या दिवशी मी बाकावर येऊन बसले तेव्हा तिने माझा हात धरला.

"आपण तुझ्या प्रोजेक्टसाठीपण तशी दोन पानं लिहायला हवी होती गं," ती हळूच म्हणाली.

टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.