शेजारच्या काकांची तलवार

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमधले माझे शेजारी काका आठवडाभर सॉफ्टवेअर टेस्ट करतात आणि शनिवारी गराजमध्ये व्हायकिंग लोहारांसारखी तलवार घडवतात.

"नुसतं लोखंड वाकतं, नुसतं पोलाद तुटतं. म्हणून दोन्हींच्या सळ्या तापवून, एकत्र पिळून ठोकायच्या. लॉजिकल आहे ना?"

त्यांच्या प्रत्येक बोलण्याचं शेपूट हेच.

दिवाळीआधीच्या शनिवारी माझ्यासमोर त्यांनी लालभडक पातं कडक व्हावं म्हणून काकूंच्या तळणाच्या तेलाच्या उंच डब्यात बुडवलं. चर्रर्र आवाज झाला, धूर निघाला. मग काकांनी तेल गाळलं, डबा पुसला आणि गुपचूप किचनमध्ये नेऊन ठेवला. "तिला कशाला टेन्शन द्यायचं?"

दिवाळीला काकूंनी चकल्यांचं ताट पुढे केलं. मी काकांकडे पाहिलं. त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं.

"तू खा यार. मी तळलेलं सोडलंय. लॉजिकल आहे ना?"