मोड येईपर्यंत

आज मार्केट यार्डातल्या भुसाराच्या दुकानात कडव्या वालांचं पोतं माझ्यासमोर उसवलं, आणि त्यांचा धुळकट, उग्र वास उठला. किती देऊ म्हणून दुकानदार विचारत राहिला. मी काहीच न घेता बाहेर आले.

माझा दादा मालवाहू जहाजावर नोकरीला. जहाज घाटाखालच्या बंदराला लागल्याचा त्याचा फोन आला, की आई वाल भिजत घालायची. रात्रभर भिजवायचे, मग फडक्यात बांधायचे, दीड-दोन दिवसांनी मोड आले की आम्ही दोघी सोलायला बसायचो. तोवर तिकडे कंटेनर उतरत, नवे चढत, आणि तेवढ्या वेळात दादा पुण्याला येऊन जाई. तो पाटावर बसायला आणि बिरडं पानात पडायला एकच गाठ पडे. आईचा हा अंदाज वर्षानुवर्षं चुकला नाही.

पुढे बंदर वाढलं. क्रेन उंच झाल्या, जहाजं अवाढव्य झाली, काम झपाट्याने उरकू लागलं. दादाचा मुक्काम एका रात्रीवर आला, मग काही तासांवर. मोड यायच्या आत जहाज सुटायचं, तरी आई वाल भिजवतच राहिली. आणि मी इथे ऑफिसात बसून त्याच बंदराचे आलेख काढत होते! कंटेनरांची रेघ वर, जहाजांच्या मुक्कामाची खाली. त्या कामाबद्दल बढती मिळाली तेव्हा मी घरी पेढे आणले. जहाजं आता किती लवकर मोकळी होतात, हे आईला कौतुकाने समजावलं. पेढा हातात धरून तिने विचारलं, "म्हणजे आता तो लवकर येणार का गं?"

तिच्या शेवटच्या आजारपणात दादाचं जहाज आलं. तिने खुणेनेच वाल भिजवायला सांगितले. दुपारी दादाचा फोन आला. "उतरू देत नाहीत गं. संध्याकाळीच जहाज सुटतंय." तीन तासांच्या वाटेवर होता तो. मी आईला सांगितलं, दादा निघालाय, घाट चढतोय. ती दाराकडे तोंड करून पडून राहिली. रात्री मी सवयीने वाल उपसून फडक्यात बांधले. सकाळी आई गेली, तशीच, दाराकडे बघत.

तिसऱ्या दिवशी फडकं सोडलं तर वालांना बोटबोट मोड आले होते. तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही.

दादा पुढे रजेवर आला, तेव्हा मी बिरडं केलं नाही, त्यानेही मागितलं नाही. आईला मी काय सांगितलं होतं, ते त्याला अजून ठाऊक नाही. आलेख अजून मीच काढते. यंदाही मुक्कामाची रेघ खाली गेली. वालांना मोड यायला मात्र पूर्वीइतकाच वेळ लागतो.