बसणं बंद केलं तेव्हा

डॉक्टर माझाच जुना विद्यार्थी, त्यामुळे तो रागावला नाही. रिपोर्ट टेबलावर पालथा ठेवून म्हणाला, “सर, लिवर थोड़ा थक गया है. तीन महीने पूरी छुट्टी दे दीजिए, फिर देखेंगे.” लिवरही थकतं हे ऐकून मला त्या लिवरबद्दल आपुलकीच वाटली. मी स्वतः कधीचा थकलेलो होतो.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या सरकारी शाळेत रसायनशास्त्र शिकवता शिकवता माझी पन्नाशी उलटली. घरी आलं की चहा, थोडं लोळणं, आणि दिवे लागले की मागच्या गल्लीतल्या भाऊंकडे. भाऊ माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे. मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत नोकरी करून निवृत्त झालेले. वहिनी गेल्यापासून एकटेच राहत, लेक रायपूरला. त्यांच्या गच्चीवर दोन खुर्च्या मांडून, बाटली आणि भाजलेले शेंगदाणे घेऊन आम्ही बसायचो. त्याला ‘बसणं’च म्हणायचो, दुसरं नाव नव्हतं. आम्ही कधी आरडाओरडा केला नाही, रस्त्यात पडलो नाही. म्हणून कोणी काही बोललं नाही आणि वर्षं निघून गेली.

घरी बायको तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, “आजपासून बंद. डॉक्टरनं तीन महिने सांगितले.”

“बरं,” ती म्हणाली. हात थांबला नाही.

“नुसतं बरं?”

“मी खूश नाई झाली तर राग मानू नका. याच्याआधी दोन खेपा झाली होती खूश. आता थकली मी.”

मी कपडे बदलायला आत गेलो.

पहिले काही दिवस शरीरानं त्रास दिला. झोप तुटायची, घाम यायचा, सारखं गोड खावंसं वाटायचं. ते निभावलं. निभावेना ती संध्याकाळ. इतकी लांब असते हे मी विसरूनच गेलो होतो. पेपर वाचून संपायचा, टीव्हीवर माणसं भांडत असायची, घड्याळ पाहावं तर साडेसातसुद्धा झालेले नसायचे. वाटायचं, आता तरी तरतरी येईल. इतकी वर्षं मी समजत होतो की अंगातली मरगळ दारूची आहे. दारू बंद झाली आणि मरगळ तशीच राहिली. ती बहुतेक आधीपासूनची होती, दारूनं फक्त झाकून ठेवली होती.

भाऊंना मी फोनवर सांगितलं होतं, औषध चालू आहे, जमणार नाही. “हौ, हौ, तब्येत पहिले,” ते म्हणाले. मग मी त्यांच्या गल्लीतून जाणंच सोडलं. दूध आणायला लांबून वळसा घालायचो. गच्चीवरची ती खुर्ची दिसली असती तर पाय वर वळले असते, याची मला खात्री होती. त्यांचा फोन वाजायचा तेव्हा मी तो वाजू द्यायचो. नंतर तोही वाजेनासा झाला.

एका रविवारी, ऊन उतरता उतरता, भाऊ स्वतःच आले. इतक्या वर्षांत आमच्या घरी ते क्वचितच आले असतील. इस्त्रीचा शर्ट होता, दाढी केलेली होती, पण मानेजवळ साबण तसाच वाळलेला. बायकोनं चहा दिला. तो संपेपर्यंत ते शाळेचं, पावसाचं, धानाचं विचारत राहिले. मग कप खाली ठेवून म्हणाले, “मास्तर, तू दारू सोडली, चांगलं केलं. मले काहून सोडलं?”

बायको दारात उभी होती. माझी मान खाली गेली.

“भाऊ, तुमच्याकडे आलो तर घेतल्याशिवाय राहवणार नाही मले.”

“मंग मी काय करू? संध्याकाळी त्या घरात कोणाशी बोलू?” ते रागावलेले नव्हते. भाव विचारावा तसं त्यांनी सरळ विचारलं.

ते गेल्यावर बायको म्हणाली, “जात जा तुम्ही. जेवून जा. भरल्या पोटी नाई घ्यावी वाटत तेवढी.” तिच्या तोंडून हे ऐकेन असं मला वाटलं नव्हतं. मग तिनंच त्यांच्यासाठी डब्यात भाजी-पोळी भरली.

मी जाऊ लागलो. भाऊ ग्लास भरायचे, मी लिंबूपाणी घ्यायचो. पहिल्या संध्याकाळी माझी बोटं खुर्चीचा दांडा धरून होती. दारूच्या वासानं तोंडाला पाणी सुटत होतं. आणि शुद्धीत राहून ऐकलं तेव्हा कळलं की भाऊ एकच गोष्ट सांगतात. खाणीतल्या एका पहाटे मोठा डंपर घसरला आणि ते थोडक्यात वाचले, ती. तासाभरात ती दोनदा व्हायची. म्हणजे मी ती शेकडो वेळा ऐकून दर वेळी नव्यानं दाद दिलेली असणार. मीही त्यांना काय काय पुन्हा पुन्हा सांगितलं असेल, देव जाणे. कंटाळा यायचा, उठून जावंसं वाटायचं. तरी बसायचो. डबा उघडला की भाऊ आधी जेवू लागले, आणि जेवले की त्यांना पेंग यायची. त्यांचं पिणं सुटलं नाही, लवकर आटोपू लागलं इतकंच.

तीन महिन्यांनी डॉक्टरकडे गेलो, बायको सोबत होती. रिपोर्ट सुधारला होता. तो म्हणाला, “कभी-कभार थोड़ा ले सकते हैं सर, न लें तो और अच्छा.” बायकोनं माझ्याकडे पाहिलं नाही, पर्स उघडून बंद केली.

बाहेर स्कूटर काढत होतो तर भाऊंचा फोन आला. “काय म्हणला डॉक्टर? झाली न सुट्टी खतम?” आवाजात आशा मावत नव्हती.

“नाई भाऊ. आणखी थांबा म्हणला.”

“अस्सं,” ते म्हणाले. “मंग लिंबं घेऊन ये. माझ्याकडची संपली.”

फोन खिशात ठेवला. बायको मागे बसली होती, तिनं सगळं ऐकलं होतं. आता ती काहीतरी म्हणेल, मी वाट पाहिली. बाजाराच्या वळणावर तिनं माझ्या खांद्याला हात लावला आणि म्हणाली, “थांबवा जरा. डब्यासाठी भाजी घ्यायची आहे.”