ठासणीची रायफल आणि माझा डोळा

बंदुकीच्या दुकानदाराने मला फसवलं. नळीचं खराब झालेलं तोंड करवतीने कापून त्याने ती ठासणीची रायफल मला कोरी म्हणून विकली. आणि फसलं कोण, तर मी, ज्याला दिंडोरीच्या एकाही द्राक्षबागेत कुणी गंडवू शकलेलं नाही.

बागा पाहून माल घेणं हा माझा धंदा. मणी किती फुगलाय, गोडी उतरली का, हे मी बांधावरून सांगतो आणि तिथेच भाव पाडतो. घरचं पाठबळ काही नव्हतं. जे उभं केलं ते या डोळ्यांवर.

रायफल ही माझी एकुलती एक हौस. रविवारी सकाळी नेमबाजीच्या मैदानावर जायचं, नळीच्या तोंडातून काळी दारू ओतायची, सुती चिंधीत बसवलेली शिशाची गोळी गजाने खाली ठासायची आणि बार काढायचा. पण गोळ्या निशाणावर नुसत्या पसरायच्या. एक वर, एक कुठेतरी कडेला. तक्रार घेऊन गेलो तर दुकानदार हसून म्हणाला, "शेठ, बंदूक सोन्यासारखी आहे. वय झालं आता, डोळे दाखवून घ्या."

मी इतका ओरडलो की दुकानातली दोन गिऱ्हाइकं बाहेर निघून गेली. पण ते वाक्य माझ्याबरोबर घरी आलं. डॉक्टरांनी डोळे ठणठणीत असल्याचं सांगितलं, तरी विश्वास बसेना. बागेत उभं राहून मी बरोबरच्या माणसाला विचारू लागलो, "तुला काय वाटतं, मणी भरलाय?" भाव करणाऱ्याने असं विचारलं की त्याचा धंदा संपला. रायफल आणि बागा, दोन्ही सोडायचा विचार मनात घोळू लागला.

सायखेड्याचे माझे साडू परवानाधारक, जुने नेमबाज. त्यांनी मला सोडू दिलं नाही. दर रविवारी यायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यांचा हट्ट. आधी दारूचं माप एकसारखं केलं. मग प्रत्येक बारानंतर नळी पुसली. मग नळीवरच्या, नेम धरायच्या माशीचे स्क्रू आवळले, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवली. गोळ्यांचा पसारा तसाच. शेवटी त्यांनी स्वतः झाडून पाहिलं. त्यांच्याही गोळ्या विखुरल्या.

"साडूभाऊ, डोळा तुमचा नाय, बंदूकच चकणी हाय!"

मला वाटलं, माझी लाज राखायला मुद्दाम चुकताहेत. तसं मी तोंडावर बोललो. "तुमच्यासाठी नेम चुकवायला मी काय जावई हाय का तुमचा?" म्हणाले, आणि पुन्हा दारू मोजायला लागले.

चिंध्या कापून द्यायची माझी बायको. ती ब्लाउज शिवते. मी तिच्यावरही डाफरलो, की कापडात टेरिकॉट मिसळलंय, ते जळतं. ती पुढच्या रविवारी मैदानावर आली, बार थांबवायला लावले आणि पुढे गवतात पडलेल्या चिंध्या गोळा करून आणल्या.

"अहो, हे जळलेलं नाही, कापलेलं आहे. बघा, सगळ्या एकाच बाजूने. भाऊजी, रिकामी करून द्या ती."

साडूंनी रायफल रिकामी असल्याची खात्री केली. तिने पर्समधून समईची वात काढली आणि नळीच्या तोंडावरून गोल फिरवली. एका जागी कापूस अडकला. तिथे करवतीची धार तशीच राहिलेली होती. ठासतानाच चिंधी चिरायची, गोळी नळीत सैल राहायची, मग ती धड कशी जाणार?

परवानाधारक कारागिराकडून तोंड नीट करून घेतलं. त्यानेच सांगितलं, खराब झालेलं तोंड कापून नळी आखूड केलीय. आता गोळ्या एकमेकींना चिकटून बसतात. बागेत मी कुणाला काही विचारत नाही. साडूंचे आणि हिचे उपकार मी फेडू शकणार नाही, आणि फेडायचेही नाहीत. ते असू देत.

पण दुकानदारा, तुला सोडणार नाही. नळी तू कापलीस, हे तुला माहीत होतं. तरी माझ्या डोळ्यांवर बोट ठेवलंस. का? माझ्या बायकोसमोर आणि साडूंसमोर उभा राहून सांग.