हत्ताच्या खानावळीतले नऊ कप

सोळा वर्षांपूर्वी, ओल्या खजुरांच्या हंगामात, माझे पप्पा आखातातल्या हत्ता या डोंगरी गावातल्या एका जुन्या खानावळीत नऊ कप अरबी कॉफी प्यायले. आज इथे शहरात, ऊद मेथा भागातल्या दुकानात वेलदोड्याचा वास आला आणि तो आकडा आठवला.

मातीच्या भिंतींची ती खानावळ मालकाच्या आजोबांपासूनची होती. जेवणात मटण, भात आणि त्याच सकाळी झाडावरून उतरवलेले खजूर होते. पप्पा मला इथली नोकरी सोडवून वसईला परत न्यायला आले होते. त्यांनी अजून विषय काढला नव्हता, पण आईनं फोनवर सांगून ठेवलं होतं. माझं उत्तर तयार नव्हतं.

तिथे रिकामा कप नुसता पुढे केला की यजमान तो पुन्हा भरतो. पुरे झालं असेल तर कप हलवायचा. मला हे माहीत होतं. मी पप्पांना सांगितलं नाही.

"और लो, बाबा," मालक म्हणाला.

"पप्पा, झोप उडेल तुमची."

"भरलेला कप टाकून कसं उठायचं, बाय? आपल्यात असं करतात का?"

नवव्या कपाला मालकाची किटलीच रिकामी झाली. "खलास!" म्हणून तो हसला. परतीच्या वाटेवर पप्पांनी काही विचारलं नाही, पुढेही कधी नाही. ती कॉफी मी लांबवत होते की ते, हे मला आज सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही माझ्या अरब साहेबांच्या घरी गेलो. पप्पा एक कप प्यायले. मग कोणी न सांगता त्यांनी तो हलवून परत दिला.